वरचं शेत, खालची विहीर

२ मार्च
रिटायर झाल्यानंतरचा पहिला सोमवार. वीज ऑफिसात बिलिंग सुपरवायझर होतो, हाताखाली पूर्ण सेक्शन होता. आता हाताखाली वरचं शेत. माणसांपेक्षा माती बरी. निदान रजेचा अर्ज देत नाही.

इतकी वर्षं दोन्ही तुकडे धाकटा भाऊच कसत होता, वरचा माझा आणि उताराखालचा त्याचा. आज त्याला सांगितलं, आता माझं मी बघेन. तो "बरं" म्हणाला. इतक्या पटकन! ज्याच्या पोटात काही नसतं, तो माणूस थोडा तरी वाद घालतो.

जाता जाता म्हणालाच, "दादा, वरची माती वाळूची आहे. पाणी धरत नाही, खतही धरत नाही. शेणखत भरपूर घाल. बाकीचं जे देशील ते थोडं थोडं दे. एकदम देऊ नको."

म्हणजे माझी जमीन वाईट, त्याची चांगली. वाटणीच्या वेळी वरचा भाग मीच मागून घेतला होता, हे खरं. रस्त्याला लागून आहे, गाडी दारापर्यंत येते. पण तेव्हा त्याने हरकत घेतली नाही, यातच सगळं आलं.

संकल्प: पावसाळ्यात मुलगी बाळाला घेऊन राहायला येईल, तेव्हा घरात येणारी प्रत्येक भाजी माझ्या शेतातली. धाकट्याकडून एक मिरचीसुद्धा आणायची नाही. बायकोला तशी ताकीद दिली. ती म्हणाली, "मग आज भाजी कसली करू?"

हिला लांबचं कधी दिसलंच नाही.

६ मार्च
मातीची तपासणी करून घ्यायचं ठरवलं. धाकटा मातीबद्दल बोलला म्हणून नाही. तो सांगायच्या आधीच माझ्या मनात होतं, फक्त मी बोललो नव्हतो.

प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात लिहिलंय की शेतात ठिकठिकाणी खड्डे घ्या, सगळीकडची थोडी थोडी माती एकत्र करा. तसं करायला गेलो. मधली माती फिकट, चरचरीत, मुठीत धरली तर बोटांतून निसटते. दाखवायला बरी वाटेना. फाटकाजवळ पूर्वी उकिरडा होता. तिथली काळीभोर, भुसभुशीत. पिशवी तिथेच भरली. परीक्षेला कोणी फाटका शर्ट घालून जातं का?

७ मार्च
माती देऊन आलो. प्रयोगशाळेतल्या मॅडम वयाने लहान आणि तोंडाने फटकळ. मला "काका" म्हणाल्या. ऑफिसात माझ्याहून वयाने मोठ्या माणसानेही मला साहेब सोडून काही म्हटलं नाही. "काका, सगळ्या शेतातली एकत्र केलीत ना?" मी म्हणालो, माती शेतातलीच आहे. शब्दाला शब्द बरोबर.

१८ मार्च
रिपोर्ट आला! सगळ्या रकान्यांत "भरपूर". एका ठिकाणी "अत्यंत भरपूर". खाली शिफारस: या हंगामात रासायनिक खताची गरज नाही.

तडक खाली गेलो. धाकटा पाटात उभा होता. रिपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला. त्याने ओले हात शर्टाला पुसले, सगळा वाचला आणि विचारलं, "माती कुठची घेतलीस?"

माणसाला आनंद म्हणून होत नाही. मी म्हणालो, माझ्या जमिनीतली, तुझ्या नाही. त्याची बायको ओट्यावर भाजी निवडत होती. ती खाली मान घालून हसली. नोंद करून ठेवतो.

२६ मार्च
टोमॅटो, मिरची, कोबी लावली. रोपं सरळ रेषेत. धाकट्याच्या रांगा बघा, सापासारख्या. म्हणे उताराला आडव्या आहेत, पाणी अडतं. वाकडं काम करायचं आणि त्याला शास्त्र म्हणायचं. माझ्या रांगा वरून खाली, रस्त्यावरून बघणाऱ्याला शेवटपर्यंत दिसतात.

१४ एप्रिल
रोपं पिवळी.

उन्हाने असेल.

१९ एप्रिल
ऊन कमी आहे. रोपं तरी पिवळीच. खालच्या पानांपासून सुरुवात, आता मध्यापर्यंत. धाकट्याची हिरवीगार. प्रयोगशाळेवर संशय. सगळं "भरपूर" आहे तर गेलं कुठे? ऑफिसात पण असंच असायचं, कागदावर पुरवठा चोवीस तास आणि गिऱ्हाईक अंधारात. पण तेव्हा मी कागदाच्या बाजूला होतो, त्यामुळे मला चूक लगेच कळते.

बायको म्हणाली, "त्या उकिरड्याजवळचं रोप तेवढं छान आहे, नाही?"

मी रिपोर्ट काढून पुन्हा वाचला.

२१ एप्रिल
खताच्या दुकानात गेलो. दुकानदाराला विचारलं, धाकटा काय नेतो? त्याने सांगितलं. मी म्हणालो, तेच द्या, दुप्पट. तो म्हणाला, "साहेब, त्यांची जमीन भारी आहे, तुमची हलकी. एकाचा चष्मा दुसऱ्याला कसा लागेल? तुमचा रिपोर्ट असेल तर दाखवा." साहेब म्हणाला म्हणून राग गिळला. रिपोर्टमध्ये काय आहे ते सांगितलं नाही. तो विकायला बसलाय की शिकवायला?

दुपारी युरिया टाकला, वरून मोटर लावून शेत भिजवलं. चांगलं तुडुंब. आश्चर्य म्हणजे तुडुंब काही होईना. पाणी सोडावं आणि जमीन प्यावी. तहानलेली आहे बिचारी. आजवर तिच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही.

२९ एप्रिल
हिरवी! हिरवी! हिरवी! धाकट्याला हाक मारून बोलावलं. बांधावर उभा राहून त्याने बघितलं. म्हणाला, "आता किती दिवस टिकतं ते बघ." जळका स्वभाव. लहानपणी माझ्या पतंगाकडेही असाच बघायचा.

११ मे
पुन्हा पिवळी.

पुन्हा टाकला. या वेळी हात आखडता घेतला नाही.

१६ मे
काही रोपांची पानं कडेने करपली. बायको म्हणते, जास्त झालं. मी म्हणतो, कमी पडलं म्हणून पिवळी होती, मग जास्त कसं होईल? एक तर कमी किंवा जास्त, दोन्ही एकदम होत नाही. ती म्हणाली, "स्वयंपाकघरात होतं. एका बाजूने कच्चं, दुसऱ्या बाजूने करपलेलं. मोठ्या आचेवर ठेवलं की होतं." बायकांना प्रत्येक गोष्ट पोळीत दिसते.

८ जून
पाऊस सुरू. धोरण बदललं: पावसाच्या आधी खत टाकायचं, म्हणजे मोटर चालवायला नको. ढग दिसले की मी पोतं घेऊन बाहेर. धाकटा खालून ओरडला, "दादा, आत्ता टाकू नको, सगळं वाहून जाईल!" त्याला कसं कळलं मी आत्ता टाकतोय? म्हणजे पाळत आहे.

३० जून
टोमॅटोला बोराएवढी फळं. मिरची दोन-चार. कोबी आतून उघडीच, पुस्तकासारखी. बायकोने आज गुपचूप खालून वांगी आणली. टोपलीवर रुमाल होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "रुमाल."

४ जुलै
आज मोठी घडामोड. धाकटा स्वतः वर आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादा, माझी झाडं नुसती माजलीत. टोमॅटो छातीपर्यंत गेलाय, पानंच पानं. फूल गळतंय, फळ धरत नाही. या खेपेला मी खताची चिमूटसुद्धा दिली नाही, तरी असं."

मनापासून आनंद झाला. चेहऱ्यावर दाखवला नाही. नंतर बायको म्हणाली की दाखवला.

मग तो म्हणाला, "तू टाकतोस ते पावसाने माझ्याकडे येतंय. थांबव रे जरा. बांधाच्या कडेने गवताचा पट्टा लावू. मी लावून देतो."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं खत. त्याच्या शेतात. माझ्या परवानगीशिवाय! आणि हा वर तोंड करून मलाच थांबायला सांगतो. आकडा टाकून वीज चोरणारे असेच यायचे ऑफिसात. म्हणायचे, साहेब, तुमच्या लाइनीमुळे आमचा टीव्ही जळाला.

५ जुलै
विचार करून मार्ग काढला. आमच्या खात्यात याला लाइन लॉस म्हणतात. गळती होते हे धरूनच पुरवठा वाढवायचा असतो. धाकटा जितकं खेचतो तितकं वर टाकलं की माझ्या झाडांना माझा वाटा पूर्ण मिळेल. साधं गणित. शेतकऱ्यांना हे सुचत नाही म्हणून ते शेतकरी राहतात.

दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं?" मी म्हणालो, गळती आहे. तो म्हणाला, "मग भोक बुजवा ना." दुकान बदलणार.

१९ जुलै
मुलीचा फोन. पुढच्या महिन्यात येते. बाळाला वरचं दूध चालू आहे, पावडरचं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की विहिरीचं पाणी असेल तर आधी तपासून घ्या.

दोन्ही घरांना पाणी एकाच विहिरीचं. आणि विहीर कुणाच्या हद्दीत? धाकट्याच्या. उताराच्या तळाशी, त्याच्या टोमॅटोच्या जंगलाला लागून. संधी स्वतः चालत आली. पाणी खराब निघालं की सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होईल की हा माणूस पिढ्यान्‌पिढ्यांच्या विहिरीची काय काळजी घेतो. वर्षानुवर्षं खत वापरतोय तिच्या काठावर!

बायकोला बेत सांगितला. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका." मी म्हणालो, हात त्याचा दाखवतोय.

२४ जुलै
प्रयोगशाळेतल्या मॅडमना स्वतः येऊन पाहणी करण्याची विनंती केली. म्हणजे तसा दम दिला. येते म्हणाल्या.

२७ जुलै
मॅडम आल्या. पाण्याच्या बाटल्या भरल्या. मग विहिरीच्या काठावर उभ्या राहून बराच वेळ वर माझ्या शेताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रांगा आवडल्या.

धाकट्याला विचारलं, काय काय दिलंत? त्याने खरं ते सांगितलं: गेल्या वर्षी शेणखत आणि मोजकं बाकीचं, यंदा काहीच नाही. मी हसलो. मॅडमनी मग मला विचारलं. मी सांगितलं. एकही खेप विसरलो नाही. उलट ऐकायला बरं वाटावं म्हणून वरच्या बाजूला थोडं गोल केलं. त्या लिहीत होत्या. मध्येच लिहायच्या थांबल्या.

"काका, मला शेताच्या मधोमध घेऊन चला."

तिथे त्यांनी वीतभर खड्डा केला आणि तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गेलं. म्हणजे होतं आणि नव्हतं. त्यांनी मूठभर माती हातात घेतली. ती बोटांतून सांडली.

"तुम्ही मला आणून दिलेली माती या शेतातली होती?"

मी म्हणालो, फाटकाजवळची.

"काका, हे गाळणं आहे. यात खत ठेवायला जागाच नाही. रोपाने घोटभर घ्यायच्या आत बाकीचं खाली उतरतं. इथे शेणखताने आधी माती बांधायची, मग लहान लहान हप्त्यांनी द्यायचं, आणि तेही पिकाने मागितल्यावर. तुमच्या भावाची माती धरून ठेवते, त्याचं माप वेगळं. त्याचं माप तुम्ही इथे लावलंत, आणि तेही दुप्पट."

धाकटा शेजारीच उभा होता. त्याला हे सगळं मार्चमध्ये माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं होतं. पण ज्या पद्धतीने सांगितलं, त्या पद्धतीने सांगितल्यावर कोण ऐकेल?

भावजय दुसरीकडे बघत होती. तिचं ते न बघणं मला दिसलं.

२ ऑगस्ट
पाण्याचा रिपोर्ट. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. मोठ्यांनीही प्यायला दुसरं पाणी आणावं, आणि तान्ह्या बाळाचं दूध या पाण्यात अजिबात करू नये. बाळाच्या रक्तातून प्राणवायू पोचेनासा होतो, ओठ निळे पडतात. मॅडमनी फोन करून पुन्हा सांगितलं, लिहिलेलं कोणी वाचत नाही म्हणून.

मी म्हणालो, उकळून देऊ. त्या म्हणाल्या, "उकळून जात नाही. पाणी आटतं, ते उरतं. उलट दाट होतं." मी विचारलं, दोनदा उकळलं तर? लाइन चालू होती, कारण मागे पंख्याचा आवाज येत होता.

३ ऑगस्ट
कायदेशीर बाजू तपासली. विहीर त्याच्या हद्दीत, म्हणजे जबाबदारी त्याची. हे खाली जाऊन त्याला स्पष्ट सांगणार होतो. गेलो तेव्हा तो आणि भावजय टेम्पोतून पाण्याचे कॅन उतरवत होते, गावच्या नळावरून भरून आणलेले. अर्धे त्याच्या ओट्यावर ठेवले. अर्धे उचलून वर माझ्या दारात आणून ठेवले. त्यामुळे विषय काढता आला नाही. मुद्दाम केलं असणार.

टोमॅटो त्याने उपटलेत. सगळे. बांधाशी ढीग पडलाय, हिरवागार. एक शब्द बोलला नाही त्याबद्दल. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

६ ऑगस्ट
घरात बोलाचाली. मी म्हणालो, कॅनचं पाणी आहे, मुलीला येऊ दे, काय अडलंय? बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालतच म्हणाली, "ती येणार नाही. मी जाते तिच्याकडे."

मी विचारलं, का?

"कारण एक दिवस कॅन संपेल. मी आंघोळीला गेलेली असेन, बाळ रडत असेल. तुम्ही विहिरीचं पाणी घ्याल आणि म्हणाल, उकळून घेतलं तर काय होतं, एकदाच तर आहे. मी तुम्हाला ओळखते. भाजी तुमच्यावर सोपवली, ठीक आहे. बाळ नाही सोपवायचं मला."

मी चिडलो. खूप बोललो. म्हणालो, मी काय राक्षस आहे? ती म्हणाली, "नाही. तुम्ही ऐकत नाही, एवढंच आहे."

गॅस किती वेळ चालू ठेवायचा, हे मी कालच मनाशी ठरवून ठेवलं होतं. हे तिला सांगितलं नाही. इथेही लिहायला नको होतं.

७ ऑगस्ट
मुलीला मी स्वतः फोन केला. म्हटलं, आईचं ऐकू नकोस, ये. ती म्हणाली, "बाबा, आत्ता नको." रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत घालता आली असती. मी विचारलं, मग कधी? ती म्हणाली, पाणी चांगलं झालं की. मी म्हणालो, होईल की आठवड्याभरात.

मॅडमना विचारलं. आज सगळं थांबवलं तरी वर्ष, कदाचित जास्त. त्या म्हणाल्या, जमिनीत जे उतरलंय ते तिच्या चालीने निघणार.

तोपर्यंत बाळ चालायला लागेल.

१० ऑगस्ट
बायको गेली. धाकट्याने गाडीने स्टेशनवर सोडलं. माझी गाडी होती, पण ती म्हणाली, भाऊजींना सांगून झालंय. भावजयीने पिशवीभर भाजी दिली, मुलीसाठी. दुधी, काकडी, मिरच्या. मी माझ्या शेतातला कोबीचा एक गड्डा ठेवायला गेलो. बायकोने तो हातात घेऊन बघितला, आणि ठेवला पिशवीत. सगळ्यात वर ठेवला. गाडी वळेपर्यंत दिसत होता.

१४ ऑगस्ट
मुलगी फोनवर बाळाचा आवाज ऐकवते म्हणाली. झोपलं होतं. नंतर करते म्हणाली.

दोन कॅन शिल्लक. भांडी घासायला विहिरीचं चालतं.

१७ ऑगस्ट
सकाळी खाली गेलो. सांगणार होतो की वरचं शेत पुन्हा त्याने बघायला माझी हरकत नाही. अशी संधी प्रत्येकाला मिळत नाही, वगैरे. शब्द जुळवून नेले होते. धाकटा बांधावर गुडघ्यांवर बसून गवताची ठोंबं लावत होता. माझ्या बाजूने.

मी उभा राहिलो. तो लावत राहिला. शेवटी मीच विचारलं, मी काय करू? शेणखत आणू? जमिनीत गाडायला ताग पेरू? एक-दोन पोती उरलीत, ती परत देऊन येऊ?

तो म्हणाला, "ती पोती मॅडमना विचारून देऊ कुणाला तरी. तू यंदा काही टाकू नको, दादा. काही करूच नको. ऊन आहे, तिकडे सावलीत बस."

मी बसलो.